डूम्सडे बुक आणि चौऱ्याण्णवची सुरत

आपल्या मंडळाच्या मागील तिमाहीतील वाचन-बैठकीत एका इंग्रजी विज्ञान कादंबरीवर चर्चा झाली. एरवी आपल्या बैठका चहा येईपर्यंत आटोपतात. ही मात्र दिवेलागणीनंतरही चालू राहिली आणि शेवटी दोन ज्येष्ठ सभासद एकमेकांशी न बोलता घरी गेले. (दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही नेहमीच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेले दिसले, हेही नोंदवणे योग्य होईल.) कादंबरी होती कॉनी विलिस या अमेरिकन लेखिकेची ‘डूम्सडे बुक’. ती १९९२ साली प्रसिद्ध झाली आणि विज्ञानकथांच्या जगातील ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही मोठे सन्मान तिला मिळाले. माझ्या पुतण्याने ते पुस्तक मला आणून दिले. मी त्याचा सारांश दोन बैठकांत सांगितला आणि चौघा-पाचांनी मूळ पुस्तकही वाचून काढले. त्या दिवशी मांडल्या गेलेल्या मतांवर मला जे बोलायचे होते, ते वेळेअभावी राहून गेले. संपादकांच्या अनुमतीने ते येथे लिहीत आहे.

ज्यांनी बैठक चुकवली त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. ही कादंबरी एका मालिकेतील आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील इतिहासाचे अभ्यासक यंत्राच्या साहाय्याने गतकाळात जाऊन तो काळ प्रत्यक्ष पाहतात, ही त्या मालिकेची मूळ कल्पना. प्रस्तुत कादंबरीत २०५४ सालच्या डिसेंबरात किव्रिन नावाची विद्यार्थिनी १३२० सालच्या इंग्लंडात जाण्यास निघते. परंतु यंत्र चालवणारा तंत्रज्ञ त्याच वेळी तापाने फणफणलेला असतो. त्या गुंगीत त्याच्याकडून आकडे चुकतात आणि ती मुलगी जाऊन पोहोचते १३४८ सालात, म्हणजे ज्या वर्षी प्लेगची महामारी इंग्लंडात शिरली त्या वर्षात. इकडे ऑक्सफर्डमध्येही इन्फ्लुएन्झाची साथ उसळते, शहर बंद होते आणि किव्रिनला परत आणण्याची वाट अडते. तिचे गुरू डनवर्दी हे वयस्क प्राध्यापक तिला सोडवण्यासाठी धडपडतात. तिकडे ती ज्या खेड्यात आश्रयाला असते तेथील माणसे एकेक करून जातात. शेवटी गावचा अर्धशिक्षित पाद्री रोश तेवढा उरतो आणि तोही जातो.

हे ऐकल्यावर बैठकीत निघालेली मते अशी होती. आपले एक निवृत्त विज्ञान शिक्षक म्हणाले की यात विज्ञानच नाही. यंत्र कसे चालते हे लेखिका सांगत नाही, मग हिला विज्ञान कादंबरी का म्हणावे? त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. आपल्या पिढीला या प्रकाराची गोडी लावली ती जयंत नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तेव्हापासून विज्ञानकथेत एक तरी वैज्ञानिक कल्पना नीट समजावलेली असावी अशी आपली अपेक्षा असते. दुसरे मत एका वकील सभासदांचे. त्यांच्या मते साथीच्या कथेत जुलमी सत्ता हवी, तिच्याविरुद्ध उभा राहणारा कुणी हवा. येथे खलनायकच नाही. तिसरे मत बहुतेकांचे होते, आणि परदेशातील पुष्कळ वाचकांनीही हेच म्हटले आहे: अर्धे पुस्तक टेलिफोनवर वाया गेले आहे. डनवर्दी फोन लावतात, फोन लागत नाही. लागला तर हवा तो माणूस जागेवर नसतो. विभागप्रमुख स्कॉटलंडात मासे पकडायला गेलेले असतात आणि ते कुठे उतरले आहेत हे कुणालाच ठाऊक नसते. शिवाय २०५४ सालात चित्र दिसणारे टेलिफोन आहेत, पण खिशातला मोबाईल कुणाजवळ नाही. तरुण सभासदांना याचे फार हसू आले.

आपल्या भगिनी-सभासदांपैकी एकीने मात्र एवढेच सांगितले की त्यातली पाच वर्षांची ॲग्नेस गेली, त्या रात्री त्यांनी पुस्तक मिटून ठेवले आणि आठ दिवस हाती घेतले नाही. त्यांच्यापुढे काही बोलण्याचे कुणाला सुचले नाही.

मला बोलायचे आहे ते मुख्यतः टेलिफोनविषयी.

१९९४ साली माझे वय तेहतीस होते आणि मी महसूल खात्यात नायब मामलतदार होतो. त्या वर्षी सप्टेंबरात तापीला पूर आला, उकाई धरणातून पाणी सोडावे लागले आणि शहराचे सखल भाग बुडाले. आपल्या लिंबायतीत मिठी खाडीचे पाणी घरात शिरणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. खाटेच्या पायांखाली विटा लावण्याची कला आपल्या आया-बहिणींना उपजतच येत असे. पाणी ओसरले, गाळ आणि मेलेली जनावरे मागे राहिली, गणपती बोळवले. अनंत चतुर्दशी उलटून दोन-तीन दिवस झाले नाहीत तोच वेड रोडच्या बाजूने माणसे तापाने आणि रक्ताच्या खोकल्याने जात असल्याची बातमी आली. २१ सप्टेंबरच्या रात्रीपर्यंत ती शहरभर झाली होती आणि २२ तारखेला सकाळी उधना स्थानकात पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

मला एका कचेरीत उघडलेल्या चौकशी कक्षात बसवण्यात आले. कचेरीचे नाव देण्याचे येथे प्रयोजन नाही. दोन टेलिफोन, एक लांबलचक बांधलेले रजिस्टर, तीन पाळ्या आणि माणसे मात्र दीड पाळीची. ज्यांच्या सहीवाचून कुठलाही निर्णय पुढे सरकत नसे ते साहेब त्याच सुमारास गावी गेलेले होते. त्यांच्या गावचा टेलिफोन नंबर शोधण्यात आमचा एक पूर्ण दिवस गेला. कादंबरीत विभागप्रमुख मासे पकडायला गेल्याचे वाचले, तेव्हा मला हसू आले नाही. मी पुस्तक उलटे ठेवून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

फोनवर लोक काय विचारत? टेट्रासायक्लिन कुठे मिळेल. अमक्या डॉक्टरांच्या दवाखान्याला कुलूप का आहे. नळाच्या पाण्यात विष कालवले आहे हे खरे काय. पोटावर घ्यायची गोळी उपाशीपोटी घ्यावी की जेवून. एका गृहस्थांनी रोज सकाळी सात वाजता फोन करून ‘आज किती?’ एवढेच विचारले आणि आकडा ऐकून, धन्यवाद म्हणून ठेवून दिला. आकडाही आमच्याजवळ खरा नसे. नव्या सिव्हिल हॉस्पिटलातून एक यायचा, वर्तमानपत्रातून दुसरा आणि रस्त्यावरून तिसरा, जो नेहमी शेकड्यात असे. सगळी धूळ खाली बसल्यावर सुरतेतील मृत्यूंची संख्या सुमारे ५० निघाली. त्या काळी पंधरा लाखांच्या घरात वस्ती असलेल्या शहरातून काही दिवसांत लाखो माणसे निघून गेली, ती या ५० मृत्यूंमुळे. हिशेबात हे बसत नाही. पण आकडा कळायला वेळ लागतो आणि गाडी सुटायला लागत नाही.

माझ्या घरची मंडळीही गेली. २२ तारखेला दुपारी मी आई, पत्नी आणि दोन मुलांना उधन्याला गाडीत बसवले. बसवले म्हणजे खिडकीतून आत लोटले. आप्पांनी येण्यास साफ नकार दिला. पन्नासच्या दशकात ते अमळनेर तालुक्यातून येथे गिरणीत आले होते. ‘एकदा गाव सोडले, आता दुसऱ्यांदा गाव सोडायचे माझे वय नाही,’ असे म्हणून ते ओट्यावर बसून राहिले. त्या दिवसापासून पाच दिवस मला घरच्यांची खबर नव्हती. आमच्या गावी ग्रामपंचायतीत एकच टेलिफोन. तो लागे तेव्हा उचलायला कुणी नसे आणि कुणी असे तेव्हा लागत नसे. कक्षात माझ्यासमोर दोन टेलिफोन होते, शहरभरच्या लोकांना मी धीर देत होतो आणि माझी मुले पोहोचली की वाटेत कुठे उतरवली गेली हे मला ठाऊक नव्हते. भारतात पहिला मोबाईल फोन वाजला १९९५ च्या जुलैत. विलिसबाईंनी कादंबरी लिहिली १९९२ पूर्वी. त्यांनी २०५४ सालासाठी जो टेलिफोन कल्पिला तो चौऱ्याण्णवच्या सुरतेचा होता, आणि तरुण सभासदांनी त्यास चूक म्हणावे हे ठीकच आहे. पण साथीत माणसाचे काय होते हे त्या ‘वाया गेलेल्या’ अर्ध्या पुस्तकात आहे, असे मी म्हणेन. मरणे थोड्यांच्या वाट्याला येते. बाकीचे सगळे कुणाला तरी फोन लावत बसतात.

आता वकीलसाहेबांच्या खलनायकाविषयी. त्यांची अपेक्षा कुठून आली हे उघड आहे. मराठी माणसाच्या मनात प्लेग म्हटला की १८९७ चे पुणे उभे राहते. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. पुढे तो पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे शिपाई घरोघर शिरले, माजघरापर्यंत गेले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झाली; चापेकर बंधू व महादेव रानडे फासावर गेले. या घटनांवर ‘२२ जून १८९७’ हा चित्रपटही निघाला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. अशा रीतीने आपल्याकडे प्लेगची गोष्ट ही जुलूम आणि सूड यांची गोष्ट होऊन बसली. तसे होणे स्वाभाविक होते आणि त्या तरुणांच्या त्यागाविषयी कुणी उणा शब्द काढणार नाही.

मात्र त्याच साथीत, त्याच पुण्याच्या वेशीवर, आणखी एक घटना रँडच्या वधाच्या तीन महिने आधी घडून गेली होती. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेगची गाठ आल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला स्वतः उचलून दवाखान्यात आणले. वय पासष्टच्या पुढे. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. कादंबरीतला पाद्री रोश हा याच जातीचा माणूस आहे. त्याला लॅटिन धड येत नाही, मोठ्या घरची म्हातारी त्याला उठता-बसता हिणवते, आणि शेवटी गावातल्या प्रत्येकाच्या उशाशी तोच असतो. वाचताना मला पुणे आठवले ते रोशमुळे, रँडमुळे नव्हे. कादंबरीत अडवणूक करणारा अधिकारी आहे, गिलख्रिस्ट नावाचा. भूतकाळातून रोग येईल या भीतीने तो यंत्र बंद करवतो. तो दुष्ट नाही. त्याला आपल्या अंगावर काही येऊ द्यायचे नाही, इतकेच. तीन दशकांहून अधिक सरकारी नोकरी केल्यावर मी सांगू शकतो की असे गिलख्रिस्ट मी पुष्कळ पाहिले आणि काही फायलींवर मी स्वतःही तसाच वागलो असेन.

ऑक्सफर्डमधील ज्या तंत्रज्ञाला प्रथम ताप येतो त्याचे नाव बद्री चौधरी. बैठकीत या नावाकडे कुणाचे लक्ष गेले नाही, मला मात्र ते टोचले. ताप बद्रीला आला म्हणजे तो परक्या देशातून आला, असे लोक धरून चालतात. बाहेरच्यांना हाकला असे फलक घेऊन काही मंडळी रस्त्यावर उभी राहतात. पुढे कळते की विषाणू कुठल्याही परदेशातून आलेला नव्हता. ऑक्सफर्डजवळच एका मध्ययुगीन थडग्याचे उत्खनन चालू होते, तेथून तो आला. त्यांच्याच मातीतून, त्यांच्याच माणसाच्या कबरीतून.

हे वाचताना कोणत्या सुरतकर मराठी माणसाला चौऱ्याण्णव आठवणार नाही? त्या वर्षीच्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग आढळला होता. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. सुरतेत साथ दिसताच दोन आणि दोन मिळवून चार झाले: मराठी मजुरांनी आणला. ज्या वस्तीत रोग दिसला तेथे आपली माणसे पुष्कळ होती, एवढे या तर्काला पुरले. शेजारची गुजराती मंडळी चांगली होती, त्यांनी आप्पांना रोज डबा पाठवला. पण दुकानात, रिक्षात, पानाच्या गादीवर ती कुजबुज कानी येत असे. मग आपली माणसे गावी गेली. तेथे काय झाले? तेथे ती मराठी राहिली नाहीत, सुरतवाली झाली. माझ्या कुटुंबाला आमच्याच भाऊबंदांनी गावात घेतले नाही. शिवारातल्या एका खळ्यात आठ दिवस ठेवले. माझी चुलती भाकरी करून बांधावर ठेवून जायची आणि लांबून हाक मारायची. ती हाक मारताना रडायची, असे आई सांगे. चुलतीला मी कधी दोष दिला नाही; तिच्या घरात तीन लहान मुले होती. पण इकडे खान्देशातले म्हणून आणि तिकडे सुरतेतले म्हणून, एकाच आठवड्यात दोन्हीकडून परके ठरण्याचा अनुभव आपल्या पिढीने घेतला आहे. आपल्या मुलांना आपण तो फारसा सांगितलेला नाही.

रोग खरोखर प्लेगच होता का, यावरही तेव्हा मोठा काथ्याकूट झाला. डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो प्लेग असल्याचा निष्कर्ष काढला आणि नंतरच्या प्रयोगशाळांतील जनुकीय तपासण्यांनीही त्यास पुष्टी दिली. योगायोग असा की अलेक्झांडर येर्सिनने हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला ते वर्ष १८९४. बरोबर शंभर वर्षांनी सुरतेत आपण पाण्यात विष आहे काय असे विचारत होतो. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, झाडू रात्रीही फिरू लागला, १९९६ मध्ये सुरत देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले, आणि २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरसह पहिले. या कीर्तीबद्दल आपण सगळे छाती फुगवून बोलतो. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

२०२० नंतर या कादंबरीचे वाचकही बदलले आहेत. पूर्वी तिच्यातील एका प्रसंगमालिकेची थट्टा होत असे: शहर बंद पडल्यावर प्राध्यापकांचा चिटणीस स्वच्छतागृहातला कागद संपत आल्याची तक्रार घेऊन वारंवार येतो. माणसे मरत असताना हे काय पांचट, असे म्हटले जाई. २०२० च्या मार्चमध्ये विलायत-अमेरिकेतल्या दुकानांतून नेमका तोच कागद संपला. आपल्याकडे काय संपले हे लिंबायतीला सांगायला नको; त्या एप्रिलात सुरतेतील रुग्ण सर्वाधिक वाढले ते आपल्याच विभागात. चौऱ्याण्णवला निदान गाड्या चालू होत्या. वीसला गाड्याही नव्हत्या, आणि या वेळी माणसे चालत निघाली.

शेवटी पुस्तकाच्या नावाविषयी, कारण त्याचा माझ्या जुन्या धंद्याशी संबंध आहे. १०८६ साली इंग्लंडच्या विल्यम राजाने सबंध राज्याची पाहणी करवली: कुणाची किती जमीन, किती नांगर, किती डुकरे. त्या दफ्तराला लोक ‘डूम्सडे बुक’ म्हणू लागले, कारण त्यातली नोंद कयामतीच्या निवाड्यासारखी अटळ, तिच्यावर अपील नाही. आमच्या भाषेत सातबाराच म्हणा. किव्रिनच्या मनगटात एक ध्वनिमुद्रक बसवलेला असतो. ती प्रार्थनेसारखे हात जोडते आणि पाहिलेले त्यात बोलते. ती स्वतःच त्या टिपणाला हे नाव देते. सुरुवातीला तिची नोंद अभ्यासकाची असते: स्वयंपाकघर कसे, कपडे कसे, बोली शिकवल्यापेक्षा वेगळी कशी. (तिच्या अंगात बसवलेला दुभाष्या प्रारंभी चालतच नाही. ग्रंथांत शिकलेली भाषा आणि खेड्यात बोलली जाणारी भाषा यांची गाठ पडत नाही. आपल्या मराठी शाळेत पहिल्या दिवशी अहिराणी बोलणाऱ्या पोरांची गाठ प्रमाण मराठीशी पडत असे, त्यातलाच प्रकार.) शेवटी शेवटी मात्र त्या नोंदीत फक्त नावे उरतात. आज कोण गेले.

लेखिकेने पुस्तकाच्या आरंभी आयर्लंडातील किल्केनीचा भिक्षू जॉन क्लिन याची आठवण केली आहे. १३४९ च्या सुमारास आजूबाजूची माणसे मरत असताना तो जे दिसले ते लिहीत राहिला, आणि आपल्यामागे कुणी उरलेच तर त्याने लेखन पुढे चालवावे म्हणून कोरे चर्मपत्र ठेवून गेला. चौऱ्याण्णवचे आमचे रजिस्टर नोव्हेंबरात बंद झाले. पुढे काही वर्षांनी दफ्तर छाटणीत ते रद्दीत गेल्याचे मला कळले. नियमाप्रमाणेच गेले; मुदत संपली होती.

त्यातली एक नोंद मला अजून पाठ आहे, कारण ती माझ्याच हातची आणि माझ्याच घरची होती. आमच्या वरच्या खोलीत आमच्या गावाकडचे चार तरुण भाड्याने राहत, लूम्सवर जात. २३ तारखेला रात्री आप्पांनी शेजारच्या दुकानातून कक्षात फोन केला: तिघे पळाले, चौथा तापात पडून आहे. मी वेळ टाकली, पत्ता लिहिला, शेरा मारला, ‘तात्काळ’. सिव्हिलला कळवले. गाडी पोहोचली ती पहाटे. तोवर खोलीला कुलूप होते. आप्पा ओट्यावरच झोपलेले, त्यांनी त्याला जाताना पाहिले नाही. रजिस्टरात मी पुढच्या रकान्यात लिहिले, ‘स्थळावर आढळून आला नाही’. तो गाडीत बसला असेल, तर त्याच डब्यात दुसरी किती माणसे होती याचा विचार मी पुढे कित्येक रात्री करत राहिलो. त्याच्या नावापुढचा शेवटचा रकाना कोराच राहिला.

दिवाळी झाली आणि एक दिवस तो दारात उभा. हातात गावाकडची शेव आणि डोक्याला मुंडासे. ‘भाऊ, माले निस्ता थंडीताप व्हता,’ म्हणाला. मोठ्या स्थानकात उतरलो तर धरतील, म्हणून तो अलीकडच्या एका लहान स्थानकावर रात्री उतरला होता आणि शेतांतून दीड दिवस चालत गावापर्यंत गेला होता, अंगात ताप घेऊन. गावाने त्यालाही खळ्यातच ठेवले. कुठल्या खळ्यात, असे मी विचारले. माझी मुले ज्या खळ्यात होती, त्याच्याच पलीकडच्या बांधावर. माझ्या धाकट्याला त्याने रात्री गोष्टी सांगितल्या होत्या, दोन बांधांच्या अंतरावरून, ओरडून.

मी दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो तेव्हा रजिस्टर अजून कपाटात होते. ती नोंद काढली आणि कोऱ्या रकान्यात ‘हयात’ असे लिहून खाली तारखेसह सही केली.